साडेबाराचा भोंगा

आमच्या अप्पांचं घड्याळ म्हणजे नांदेडच्या मिलचा भोंगा. माझे वडील ते, जन्मभर तिथेच कामाला. मिल बंद पडून कैक वर्षं झाली, पण अप्पांना म्हातारपणी विसर पडायला लागला तशी ती त्यांच्या डोक्यात पुन्हा सुरू झाली. भोंग्याशिवाय ते घास घेईनात. पार वाळून गेले.

मी कॉम्प्युटरवर आवाज बनवतो. त्यासाठी प्रोग्रामिंगची एक वेगळी भाषा असते. तिच्यात भोंगा तयार करणं सोपं गेलं. अडचण वेळेची. त्या भाषेचा काळ प्रोग्राम सुरू केल्यावर शून्यापासून धावतो. बाहेर काय वाजले हे मशीनच्या घड्याळाला विचारावं लागतं. मी विचारलं. ओसरीतल्या स्पीकरवर सातला कामाचा आणि साडेअकराला जेवणाचा भोंगा लावला. सातला बायको अप्पांना डबा देई आणि दार लावून घेई. अप्पा ओसरीतच बसत, साडेअकराला डबा खात. मी स्वतःवर भलताच खूश होतो.

अति शहाणा त्याचा बैल रिकामा. मे महिन्यात एका पहाटे वेळ वाचायची ओळ आणखी नेमकी करायला गेलो आणि तसाच कामाला निघालो. नवी ओळ जगाची प्रमाणवेळ वाचत होती. आपले साडेपाच तास मिळवायचे मी विसरलो. बायकोनं नेहमीसारखा डबा दिला, पण सातचा भोंगा साडेबाराला झाला. बायको गच्चीवर कुरडया घालत होती, दार उघडं होतं.

"अप्पा घरात न्हाईत, डबाबी न्हाई," तिचा फोन आला.

मी मिलकडे धावलो. गंजलेल्या कुलपापुढे तीन म्हातारे रांगेत उभे होते. अप्पांच्या मागचे दोघं आमच्याच गल्लीतले, जुने कामगार. त्यातल्या एकाला दिवाळीपासून खाटेवरून उठलेलं कुणी पाहिलं नव्हतं. तिघांची नजर कुलपावर. भर उन्हात माझ्या अंगावर काटा आला.

"साहेब," अप्पा मला म्हणाले, "भोंगा होऊन लई वेळ झाला. गेट उघडा की."

"आज सुट्टी हाय, अप्पा. घरी चला."

"भोंगा झाला म्हंजे सुट्टी न्हाई," मागून खाटेवरचा म्हातारा म्हणाला.

अप्पांचे ओठ पांढरे पडले होते. पाणी दिलं, घेईनात. जेवणाचा भोंगा झाल्याबिगर काही नको म्हणाले. तो आता संध्याकाळी पाचला होणार होता. तोवर ते टिकणार नाहीत, हे मला दिसत होतं.

शेवटी मी तोंडाशी हात धरले आणि स्वतःच भोंग्यासारखा ओरडलो, घसा बसेपर्यंत. रस्त्यावरची माणसं थांबून बघू लागली. लाज वाटली, रडूही आलं.

तिघं निमूट भिंतीच्या सावलीला बसले. डबा एकट्या अप्पांकडे होता, तो त्यांनी सगळ्यांत वाटला. अर्धी भाकरी मोडून माझ्यापुढेही धरली.

"घ्या साहेब. पण आज जरा लौकर सोडा. पोरगं घरी वाट बघून राह्यलंय, माझ्याबिगर जेवत न्हाई."

"सोडतो," मी म्हणालो.