पाठ फिरवणारी गोळी

तर काल आपण नळीपर्यंत आलो होतो. सरबत प्यायला देतात ती साधी प्लास्टिकची नळी. आमच्या सूनबाईच्या कामाच्या ठिकाणी माणसापेक्षा उंच, पोटात मोठा चुंबक असलेलं यंत्र आहे, ते गार ठेवायला त्याला भयंकर थंड द्रवरूप हेलियम पाजावा लागतो, भोवती नळ्या, काटे, पडदे. आणि हा सगळा थाट जिच्यासाठी, ती शेवाळी रंगाची गोळी सरबताच्या नळीत खोचून आत सोडतात. मी हसलो, तर हेलियम भरणारा गृहस्थ गंभीरपणे म्हणाला, "हसू नका आजोबा. चुंबकाला या नळीचं काही घेणं ना देणं, म्हणून तर ती चालते. लोखंडी चिमट्याचा कण लागला असता, तर यंत्राने आम्हाला वेड लावलं असतं."

सूनबाई म्हणजे आमच्या धाकट्याची बायको. ती धातूंची ऑक्साइडं तयार करते आणि भयंकर थंडीत ती चुंबकाशी कशी वागतात ते बघते. ऑक्साइड म्हणजे ऑक्सिजनला धरून बसलेला धातू. लोखंडाचा गंज त्यातलाच. हे तिने पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी म्हटलं, मग आपल्या न्हाणीघराच्या बिजागऱ्या घेऊन जा की, तेवढंच घरचं सामान कामाला येईल. ती म्हणाली, "नेल्या असत्या बाबा, पण मग दार तुम्हाला धरून उभं राहावं लागेल."

पूड ती दगडी खलात हाताने घोटते. घोटायची, दाबून गोळी करायची, भट्टीत भाजायची, फोडून पुन्हा घोटायची. घरी मात्र वाटण करायचं झालं की मिक्सर. आमच्या हिने एकदा टोमणा मारलाच, "इथे मनगट दुखतं, तिथे नाही दुखत वाटतं?"

"तिथे काही चुकलं तर वरून मीठ घालून भागत नाही ना, आई," सूनबाई म्हणाली. सासूने मिक्सर स्वतःच लावून दिला. हे आमच्या घरात सहसा घडत नाही.

तिच्या कामावर तिला सगळे पुन्हाबाई म्हणतात. कुणी काही छान दाखवलं की ही म्हणणार, "पुन्हा करून बघू या का?" लोकांना राग येतो, पण मागे लागून करायला लावते.

मला या कामाची ओढ का, तर आमच्या गावच्या शाळेत एकच चुंबक होता, घोड्याच्या नालासारखा. गुरुजी तो कपाटात कुलूप लावून ठेवत. पाढे बिनचूक आले तर पाच मिनिटं हातात मिळायचा. माझे पाढे जेमतेम, त्यामुळे चुंबकाचं कुतूहल माझं शिल्लकच राहिलं. ते म्हातारपणी सूनबाई फेडते आहे. संध्याकाळी ती चहाला बसली की मी विचारतो, "आज काय म्हणाली तुझी गोळी?"

तर ही हिरवट गोळी. क्रोमियम आणि त्याच्या जोडीला आणखी एक धातू घालून केलेलं ऑक्साइड. रीत अशी, की क्षेत्र बंद ठेवून गोळी आधी गार करायची. क्षेत्र म्हणजे चुंबकाची ओढ जिथवर पोचते तो मुलूख. मग हलकंसं क्षेत्र लावायचं. साधी गोळी त्याच्याकडे तोंड करते. हिने केली पाठ. ऊब दिली तशी हळूहळू तोंड वळवलं.

सूनबाईचा हा स्वतःचा पहिला शोध. तिला मार्गदर्शन करणाऱ्या मॅडम परगावच्या परिषदेत तो सांगणार होत्या आणि वर पहिलं नाव हिचं असणार होतं. मॅडम निघाल्यासुद्धा. आमच्या हिने शेजारी दोन घरी सांगून टाकलं होतं, काय सांगायचं ते नीट कळलेलं नसताना.

आणि त्याच दिवशी हेलियमवाला चहा पिता पिता सहज बोलून गेला, "तुमच्या आधी यंत्रावर होता ना तो उंच गृहस्थ, त्याची बस चुकत होती. तसाच पळाला."

सूनबाईचा कप हातातच राहिला. त्यांच्याकडे शिरस्ता आहे, की मोठं क्षेत्र वापरलेल्याने जाताना यंत्र साफ करून जायचं, स्वयंपाक झाल्यावर ओटा पुसून जातात तसं. साफ केलं नाही तर आतल्या तारेत थोडं शिळं क्षेत्र अडकून राहतं, आणि तेही बहुधा उलट्या दिशेचं. काटा शून्य दाखवतो आणि आत शून्य नसतं. त्या शिळ्या क्षेत्रात गोळी गार झाली असेल तर ती त्याच दिशेला तोंड करून गोठली असणार. मग नंतर लावलेल्या हलक्या क्षेत्राला काय जुमानते? म्हणजे पाठ तिने फिरवलीच नव्हती, आधीच फिरवून ठेवलेली होती.

"कदाचित नसेलही तसं," संध्याकाळी तिने हे सांगितल्यावर मी म्हटलं.

"कदाचितवर माझं नाव नको, बाबा."

दुसऱ्या दिवशी सकाळीच गेली. मीही गेलो सोबत, स्टुलावर गप्प बसायच्या अटीवर. यंत्र तसंच होतं, मध्ये कुणी हात लावला नव्हता. तिने नळीत पॅलेडियम नावाच्या धातूचा तुकडा बसवला. हा बापडा सरळ स्वभावाचा, क्षेत्र असेल तिकडे बघतो, नसेल तर कुठेच बघत नाही. काटा शून्यावर ठेवला. पडद्यावर रेघ खाली गेली. तुकड्याचं तोंड उलट्या दिशेला.

तिने तिथूनच मॅडमना फोन केला. "तो भाग काढून टाका. आमचं शून्य शून्य नव्हतं." मग मॅडम म्हणाल्या, "माझं भाषण परवा आहे. तोवर काही सांगता आलं तर सांग." फोन ठेवून ती रडेल असं मला वाटलं. तिने नवीन नळी कापायला घेतली.

यंत्र साफ करतात ते बघण्यासारखं असतं. क्षेत्र इकडे, तिकडे, पुन्हा इकडे, दर वेळी थोडं कमी, झोका थांबवावा तसं. मग पॅलेडियम पुन्हा. या खेपेला रेघ सपाट. मग गोळी. आधीच पाठ करून गोठायला वाव नको, म्हणून आता तिने रीतच बदलली. हलकं क्षेत्र आधी लावलं, गोळीचं तोंड समोर असताना गार करायला घेतलं. समोर, समोर, आणखी गार, तरी समोर. मी मनात म्हटलं, गेला बिचारीचा शोध. आणि अगदी तळाशी, हेलियमच्या थंडीजवळ, रेघ वाकली, शून्य ओलांडलं आणि खाली उतरली. कुणी शिकवलेलं नसताना गोळीने पाठ फिरवली.

"हे कसं गं?" मी अट मोडली.

"आत अणूंचे दोन गट असावेत," ती पडद्यावरून नजर न काढता म्हणाली. "क्रोमियमवाले आधी रांग धरतात. दुसऱ्या धातूवाल्यांचं तोंड उलट्या दिशेला, आणि थंडी वाढेल तसा त्यांचा जोर वाढतो. रस्सीखेचीत शेवटी तेच ओढून नेत असतील. असावेत म्हणते आहे मी, आहेत नाही म्हणत."

तिने सगळं पुन्हा केलं, अर्थातच. गोळी पुन्हा तिथेच वळली. तेव्हा मॅडमना कळवलं. त्यांचा आवाज फोनबाहेर मला ऐकू येत होता: "मग भाषणात परत घालते. वळते ती, आणि दोन गटांमुळे वळते, असं सांगू ना?"

सूनबाईने नळीतली गोळी उजेडाकडे धरली, थोडी फिरवून पाहिली आणि म्हणाली, "वळते एवढंच सांगा, मॅडम. का वळते, ते मी तिलाच परत विचारते."