बाजूच्या खाटेची सून

वॉर्डातल्या सिस्टर मैत्रिणींनो, आपल्याला फॉर्म भरायला वेळ देतात, पेशंटशी बोलायला देत नाहीत. हा संताप तुमच्याइतकाच माझाही आहे. पण आज सांगतेय ती चूक माझी आहे.

चिमूरकडचे एक म्हातारे शेतकरी, हृदय कमजोर, पंधरा दिवसांत पुन्हा पाय सुजून आले. मी चिडलेच.

"भाऊ, सुट्टी देताना मीठ, गोळ्या, सारं समजावलं होतं ना?"

"मले कुठी, बाई? त्या पोरीले समजावलं. ते त बाजूच्या खाटेवाल्याची सून व्हय!"

"मंग तवाच बोलले काऊन नाई?"

"घरी कोनी नाई माह्या. खाटेपाशी कोनी उभं हाय, तेवढंच बरं वाटून राह्यलं होतं."

"सोबत कोण आहे?" विचारायचं आणि त्यालाच शिकवायचं, ही आपली सवय. मग ज्याच्यासोबत कोणीच नाही, त्यानं कुणाकडून शिकायचं?

स्टूल ओढून बसले. मीठ, गोळ्या सारं त्यांनाच समजावलं; नडगीवर अंगठा दाबायचा, खड्डा राहिला तर सूज आहे, त्याच दिवशी यायचं, हे शिकवलं. त्यांनी दाबून दाखवलं, सांगूनही दाखवलं.

उद्या सुट्टी देताना, कागद कुणाच्याही हाती देण्याआधी, पेशंटच्याच तोंडून सगळं एकदा वदवून घ्या.