शर्टाची तार

कपडे वाळत घालायच्या तारेनं मी एका बाईची नोकरी धोक्यात आणली. तेव्हा मी पन्नाशीचीसुद्धा नव्हते, पण साऱ्या दिग्गी गावात अक्कल काय ती मलाच, असं सांगत फिरत होते.

बाई बेळगावची इंजिनीयर. यंत्रं एकमेकांच्या कामात लुडबुड करतात का, हे अँटेना लावून बघतात. तो अँटेनाच खरं सांगतो का, हे तपासायचं तिचं काम. इथं मोबाईलला रेंज नाही, म्हणून आमचं भात कापलेलं शेत तिला पसंत पडलं. एका लाकडी खांबावरच्या अँटेनातून लहर सोडायची, दुसऱ्यावर किती पोचली ते लिहायचं. आसपास लोखंड नको, लहर त्यावर आपटून परतते. लोखंड येऊ न द्यायची राखण माझ्याकडं, तिचा मुक्कामही आमच्याच घरी. मी गोठ्याचे पत्रे उतरवले, कोयते हलवले, नवऱ्याची सायकल ओढ्यापलीकडं धाडली.

पहिल्या दिवशी आकडे जुळले. संध्याकाळी मी तिचा शर्ट धुतला आणि बांधावरच्या दोन झाडांना तार ताणली. रोज ती उठायच्या आधी शर्ट तेवढा काढून घडी हातात द्यायचे. कौतुक हवं होतं ना. ती तार माझ्या लेखी लोखंड नव्हतीच. कपड्यांची तार होती.

दुसऱ्या दिवसापासून आकडे बिघडले.

"अक्का, रामनगरपासनं मांडीवर घेऊन आले ह्या अँटेनाला. बसमध्ये आपटला असणार," ती म्हणाली. "ऑफिसात बजावलंय मला, आणखी एक वस्तू मोडलीस तर घरी बस."

मी चहा दिला. दुसरं काय येत होतं मला?

तिसऱ्या दिवशी तिनं 'माझ्या हातून बिघडला' अशी चिठ्ठी लावून अँटेना दुपारच्या बसनं परत पाठवला. बस वळणाआड गेल्यावर म्हणाली, "असं व्हायला एक तर अँटेना मोडाय पायजे, न्हाईतर जवळ कुठं लांब तार तरी पायजे."

पुढची बस उद्या. फोन करायला रेंजच्या गावी जायचं, तर तीच बस.

तिला हाताला धरून बांधावर नेलं. दुपारीच धुतलेला शर्ट तारेवर लोंबत होता. मी तारेची गाठ सोडायला हात घातला, तशी ती म्हणाली,

"ऱ्हाऊ दे अक्का. आता काढून काय करतीस? शर्ट ओला हाय अजून."