विनी ग्रिमशॉचं पुढचं दार

इंग्लंडातल्या बर्नलीच्या टॅनर स्ट्रीटवर पुढचं दार उघडायचं दोनच वेळा. एक, घरातली नवरी निघाली की. दुसरं, घरातली शवपेटी निघाली की. बाकी सगळं जगणं मागच्या दारानं. कोळसा मागून, पाहुणे मागून, आणि भांडायला येणारी शेजारीणसुद्धा मागच्या बोळातून परसात शिरायची आणि मगच तोंड सोडायची. एकमेकांना खेटून उभी असलेली ही घरं व्हिक्टोरिया राणीच्या अमदानीत गिरणीवाल्यांसाठी बांधली, तेव्हापासूनचा हा रिवाज. कुणी केला, का केला, विचारायचं नाही.

सतरा नंबरातल्या विनी ग्रिमशॉनं साठी ओलांडली होती. त्यातली चाळीस वर्षं तिनं त्या घराच्या पुढच्या पायरीची सेवा केली. दर शुक्रवारी बादली आणि पायरीवर रंग चढवणारा घासायचा पिवळसर दगड घेऊन ती मागच्या दारानं बाहेर पडायची, बोळातून सगळ्या रांगेला वळसा घालून पुढच्या रस्त्यावर यायची, गुडघे टेकायची आणि पायरी लोण्यासारखी करून सोडायची. मग परत तोच वळसा. कारण पुढच्या दारातून विनी कधीच बाहेर पडली नव्हती. एकदाही नाही.

त्याला कारण होतं तिची सासू, मार्था ग्रिमशॉ. मार्थाबाईंना घराची वंशावळ तोंडपाठ. पहिला मालक जेबेझ ऑर्मरॉड, मागावरचा मुकादम. यानं दार हिरवं रंगवलं आणि तीन मुली त्यातून लग्नाला काढल्या. त्याच्यानंतर टॅटरसॉल भगिनी. दोघी टोप्या शिवायच्या, अख्ख्या गावच्या नवऱ्या नटवायच्या, स्वतः मात्र तशाच राहिल्या. त्यांनी दार तपकिरी केलं, "मळ दिसत नाही" म्हणून. त्यांच्याकडून घर घेतलं ग्रिमशॉंनी, आणि मार्थाबाई आल्या तशा दारावर गडद लालसर मरून रंग चढला. मार्थाबाईंची मुलगी त्याच दारातून नवरी होऊन निघाली, तेव्हा रस्त्यावर बँड होता. हे बँडचं विनीनं इतक्यांदा ऐकलं होतं की वाजवणाऱ्यांची नावंही तिला पाठ झाली होती.

विनी या घरात आली ती लढाईच्या दिवसांत. मार्थाबाईंच्या हॅरल्डला फौजेतून दोन दिवसांची रजा, लग्न म्हणजे कचेरीत सह्या, अंगावर बहिणीचा करडा सूट आणि हातात पुठ्ठ्याची पेटी. ती पुढच्या दाराशी उभी राहिली, तर मार्थाबाई पडद्याआडून म्हणाल्या, "चॅपल नाही, पांढरा झगा नाही, आणि पुढच्या दाराशी उभी? मागून ये हो मुली, बोळातून. पाय पुसून ये."

विनी मागून आली. पाय पुसून आली.

मार्थाबाई गेल्या तेव्हा त्यांची शवपेटी थाटात पुढून निघाली. मागोमाग सगळं गणगोत निघालं, पण विनी नाही. लोक परत आल्यावर खायला काय घालणार? हॅम कापायला कुणीतरी घरात राहायला हवंच होतं. त्यानंतर हॅरल्डनं दाराला निळा रंग दिला. हॅरल्ड माणूस सोन्यासारखा, पण रंगवायला बसला की फट, कडी, किल्लीचं भोक, काही म्हणजे काही पाहायचा नाही. दार चौकटीला चिकटलं ते चिकटलंच. पुढे तो स्वतः दवाखान्यात गेला आणि तिथूनच दफनभूमीत. दार बंद ते बंद.

आणि आता विल्फ बॅराक्लॉनं विनीला मागणी घातली होती.

विल्फ बोळापलीकडचा, बायको जाऊन बरीच वर्षं झालेला, निवृत्त बस ड्रायव्हर. परसाच्या भिंतीवर कोपरं टेकून त्यानं विचारलं, "काय गं, दोन चुली पेटवण्यापेक्षा एक पेटवली तर?"

"चालेल," विनी म्हणाली. "पण मी नवरी होऊन पुढच्या दारानं निघणार."

"आणि ते उघडलं नाही तर?"

"तर लग्न नाही."

विल्फ हसला. विनी हसली नाही. "विल्फ, मला या घरानं मागून आत घेतलंय. चाळीस वर्षं मी त्याची पायरी घासतेय. एकदा तरी घरच्या बाईसारखी पुढून निघणार आहे, माझ्या पायांनी. पेटीत आडवी पडून नव्हे."

विल्फनं टोपी काढली, डोकं खाजवलं आणि खरवडणी आणायला गेला.

लग्नाआधीच्या आठवड्यात तो दाराशी झटत होता आणि अख्खी गल्ली खुर्च्या टाकून बघत होती. आधी हॅरल्डचा निळा सोलला. खाली मार्थाबाईंचा मरून निघाला, आणि तो सासूबाईंसारखाच चिवट. त्याखाली टॅटरसॉल भगिनींचा तपकिरी, आणि सगळ्यांत आत जेबेझ मुकादमाचा हिरवा, अजून ताजा. विनी बघत राहिली. जो आला त्यानं आपला रंग लावला. तिचा तेवढा कुठेच नव्हता, आणि ते तिला लागलं.

"खाली कोपऱ्यात हाताएवढा तुकडा सोड," ती विल्फला म्हणाली. "चारही रंग दिसू देत. बाकी पिवळा दे."

"पिवळा?" शेजारची फ्लॉरी किंचाळली. "अगं, कस्टर्ड सांडल्यासारखं दिसेल!"

"मग चमचा घेऊन ये," विनी म्हणाली.

गुरुवारी विल्फनं बाहेरून खांदा लावला आणि दार उघडताच धाडकन बैठकीच्या खोलीत जाऊन पडला. गल्लीनं टाळ्या पिटल्या. कित्येक वर्षांत त्या गालिच्यावर ऊन पडलं नव्हतं. विनी उंबऱ्यापर्यंत आली, बाहेर डोकावली, आणि पाऊल मागे घेतलं. "आज नाही. शनिवारी."

शनिवारी तिला पहाटेच जाग आली. लग्नाचा दिवस, आणि हाताला काम नाही. मग हातांनी नेहमीचंच केलं. बादली उचलली, बोळातून वळसा घातला, गुडघे टेकले आणि पायरी अशी घासली की आजवर घासली नव्हती. लग्नघरची मळकी पायरी म्हणजे गल्लीत तोंड दाखवायला नको.

अकराला विल्फ चॅपलमध्ये जाऊन बसला. विनीनं जांभळा पोशाख चढवला, टोपी घातली. फ्लॉरीनं पिवळं दार उघडलं. रस्त्यावर सगळी गल्ली उभी.

आणि विनीचा पाय हवेतच थांबला. हवा दमट होती. पायरी ओलीच होती. लोण्यासारखी, चकचकीत, ओली.

ओल्या पायरीवर पाय? दगडाच्या ओल्या रंगात ठसा उठला की उठला. टॅनर स्ट्रीटवर पोरांचे कान लाल व्हायचे त्यासाठी. रस्त्यावरच्या बायकांनी एकदम श्वास ओढला, आणि टाक पाय, असं एकीच्याही तोंडून निघेना. तिच्या जागी असत्या तर त्यांनाही जमलं नसतं.

"फळी टाका!" कुणी म्हणालं.

"उडी मार!"

"या गुडघ्यांनी?" फ्लॉरी म्हणाली.

मग म्हातारा ॲम्ब्रोझ, बिचाऱ्याच्या मनात काही नव्हतं, म्हणाला, "अगं, मागून ये की बोळातून. तिकडे विल्फ खोळंबलाय."

विनीचा चेहरा उतरला. मागून ये. चाळीस वर्षांनीसुद्धा तेच. तिनं दाराच्या कोपऱ्यातल्या त्या चार रंगांकडे पाहिलं. मरूनकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. आणि मग तिला हसू फुटलं, पोटातून, टोपी हलेपर्यंत.

"पायरी माझी," ती मोठ्यानं म्हणाली. "घासली मी. पुसायला बसेन तीही मीच."

तिनं पाऊल ठेवलं. टाचेसकट, अख्खं, भर मध्यावर. बायका किंचाळल्या आणि मग असा जल्लोष झाला की चॅपलमध्ये विल्फ उठून उभा राहिला. त्याला वाटलं, दार पडलं.

दुपारी खिमा भरलेल्या पेस्ट्र्या, हॅम आणि तांबड्या कोबीचं लोणचं खायला सगळी गल्ली सतराव्या नंबरात लोटली. सगळे मागच्या दारानं आले. पुढच्या पायरीवर विनीचं पाऊल वाळलं होतं, आणि ते मोडायची कुणाची छाती झाली नाही.

पुढच्या शुक्रवारी विनी बादली घेऊन बोळात गेली नाही. तिनं पिवळं दार उघडलं, घरातच गुडघे टेकले आणि पायरी घासायला घेतली. घरातून चहाचा कप घेऊन विल्फ मागे येऊन उभा राहिला. "अगं, मधलं राहिलं की!"

"राहू दे," विनी म्हणाली, आणि त्या पावलाच्या कडेकडेनं दगड फिरवत राहिली.