पेटी एक, भाऊबंद दोन

धनाजी भाटघरचा. भोरच्या एका खासगी दवाखान्यात तो सर्व्हर सांभाळतो आणि कुणाशी धड बोलत नाही. शिपायावर खेकसतो, डॉक्टरांना तुटक उत्तरं देतो, आणि शेजारच्या टेबलावरच्या गोरखशी तर चकार शब्द बोलत नाही. गोरख त्याचा सख्खा चुलतभाऊ. दोन्ही घरांची शेतावर एकच मोटार. पाण्याच्या पाळीवरून एकदा जी जुंपली, ती गोरखचं डोकं फुटूनच थांबली. तेव्हापासून अबोला. दवाखान्याच्या मालकाला यातलं काही ठाऊक नव्हतं, म्हणून त्यानं दोघांना एकाच खोलीत बसवलं.

खोलीत दोन सर्व्हर. धनाजीकडे एक्स-रे आणि स्कॅनच्या चित्रांचा, गोरखकडे बिलांचा. पण दोघांचंही सगळं साठतं डिस्कच्या एकाच पेटीत. प्रत्येक सर्व्हरमधलं एक कार्ड त्या पेटीशी बोलतं, आणि कार्ड चालवणाऱ्या ड्रायव्हरमध्ये एक आकडा असतो: पेटीकडे एका दमात किती मागण्या धाडायच्या. बसवणाऱ्यानं दोन्हीकडे तो बेताचा ठेवला होता. एकदा चित्र उघडायला वेळ लागला, तर धनाजीनं आपला आकडा गुपचूप वाढवला. बिलं रखडली. मग गोरखनं आपला वाढवला. मग पुन्हा धनाजीनं. शहाण्या माणसांनी एकमेकांना विचारलं असतं; हे दोघे इथंही पाळी चोरत बसले. शेवटी दोघांचे आकडे जाऊन भिडले वरच्या टोकाला.

परवा धनाजीची आई, बनाबाई, गोठ्यात पाय घसरून पडली. डोकं आपटलं. टेम्पोतून दवाखान्यात आणली तेव्हा ती अर्धवट शुद्धीत होती. डोक्याचं स्कॅन झालं, पण थोड्याच वेळात डॉक्टर मैथिली खोलीच्या दारात आल्या.

"धनाजी, पुण्याच्या डॉक्टरांना चित्र पोचलेलंच नाही. आत रक्त साचलंय का, ते तेच बघून सांगणार. काय चाललंय तुमचं?"

पेटी दोघांनाही एकच उत्तर देत होती: गर्दी आहे, थांबा. इलाज धनाजीला ठाऊक होता. एकानं आकडा खाली आणून आपला सर्व्हर पुन्हा चालू करायचा. धनाजीनं स्वतःचा बंद केला असता, तर चित्र आणखी लांबलं असतं. म्हणजे माघार घ्यायला हवी होती गोरखनं, आणि ते त्याला सांगायला हवं होतं. एवढंसं वाक्य, पण ते काही घशाबाहेर पडेना. बाहेर आई स्ट्रेचरवर कण्हत होती आणि हा लेक दातओठ खात उभा. लाज वाटायला हवी होती. ह्याला राग येत होता.

गोरखनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आपला आकडा पार तळाला नेला आणि सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला. बिलाच्या खिडकीवर लोक खवळले, कुणी तर त्याची आईबहीण काढली. तेवढ्यात चित्र सुटलं. पुण्याहून फोन आला, मार वरचाच आहे, घाबरायचं कारण नाही.

धनाजीला हायसं वाटलं. ते गोरखमुळे वाटलं, याचाच त्याला जास्त संताप आला.

"तुजं उपकार नगंत मला," तो म्हणाला. इतक्या वर्षांतला पहिला शब्द, आणि तो असा. "माज्या आयसाटी म्या कुनापुढं हात पसरला न्हाई."

"तुज्यासाटी कोन करतंय?" गोरख उठत म्हणाला. "माजी काकू हाय ती. तुमी माजं डोस्कं फोडलं, तवा लुगडं फाडून तिनंच बांदलं व्हतं."

धनाजी संगणकाच्या पडद्याकडे वळला. मग त्यानं आपलाही आकडा खाली आणला, आणि गोरखला दिसावा म्हणून पडदा त्याच्या टेबलाकडे वळवला. पण ती खुर्ची रिकामी होती. गोरख काकूच्या उशाशी जाऊन बसला होता, आणि धनाजीला तिथं जायला तोंड नव्हतं.