आधी पोर, मग पाणी

सफूराला मस्कतातल्या अल् खुवैर भागात जायचं म्हणजे मुलाच्या विनवण्या. तौहीदचं गॅरेज घराजवळच, गाला भागात, पण अल् खुवैर लांब, आणि गाडीशिवाय इथं माणूस पांगळा. पण त्या दिवशी ती थेट गॅरेजात जाऊन म्हणाली, "खलास कर काम. मला कल्पनाकडे सोड."

"अम्मी, फोन कर ना."

"फोनवरनं दारात बसता येत नाही रे!"

झालं होतं असं. त्यांच्या कोकणातल्या गावात सिस्टरांनी काढलेली मुलींची शाळा, तिला साठ वर्षं झाली. मस्कतातल्या जुन्या मुलींनी हॉल घेतला. शाळेची गोष्ट सांगायचं काम कल्पनाकडे. ती त्याच गावची, इथं ऑफिसात मोठी बाई. तिनं भाषण बोलून ग्रुपवर टाकलं. सिस्टर आल्या, शाळा उघडली, मुली शिकल्या. सफूरानं ऐकलं आणि तव्यावर भाकरी करपली. तिच्या आईचं, अमीरुन्निसाचं, नावच नाही!

अगं, सिस्टर आल्या हे खरं. भल्या बायका. मासे मारायची जाळी ठेवायची खोली भाड्यानं घेतली, धुतली, बाकं मांडली. पण घंटा वाजली की नुसते कावळे उडायचे. मुलगी एक नाही. मुसलमान म्हणायचे बाटवतील, हिंदू म्हणायचे बाटवतील. तेवढ्यापुरतं गावाचं एकमत!

अमीरुन्निसानं आपली सफूरा घातली. जमातीचे लोक दारात आले, "पोरीला काढ." ती म्हणाली, "तुम्ही तुमच्या घाला, म्हणजे माझी एकटी दिसायची नाही."

आणि बुरखा चढवून बाई दारोदार निघाली. उंबऱ्याबाहेर बसायची. आल्यागेल्याला पाणी दिल्याशिवाय आपल्याकडे घराला चैन पडतं का? घरातून पाणी यायचं. हिंदूंकडनं वेगळ्या भांड्यात यायचं, पण यायचं. ही हात मागे घ्यायची. "आधी पोर, मग पाणी." ऊन चढायचं, ओठ सुकायचे, रस्त्यानं जाणारा विचारायचा, ह्यांच्या दारात बाई तहानलेली कशी? शेवटी लाजेकाजेनं पोर बाहेर यायची. आमच्या गावात अशी कुणी नव्हती, मी शाळा पाहिलीच नाही, म्हणून मी नुसती बोलतेय आणि तू लिहून घेतेयस.

तर, कल्पनानं दार उघडलं. सफूरा पायपुसण्यावरच बसली.

"मावशी, हे काय! आत या, एसी लावलाय."

"नको."

"बरं, सरबत तरी घ्या."

"आधी आईचं नाव."

कल्पना ग्लास घेऊन तशीच उभी. "मावशी, शाळेनं पाठवलं तेच मी बोलले. ऐकीव गोष्ट कशी घालू? माहिती कुणाला आहे?"

"तुझ्या आईला विचार."

कल्पनानं गावी फोन लावला, आवाज मोठा केला. सफूरानं कान पुढं केला. म्हातारी विसरली असली तर? मग आईचं नाव गेलंच की. कोण सांगणार?

"कोण, अमीरुन्निसा?" फोनमधनं हसू फुटलं. "अगं, ती लांबनं दिसली की आमची आजी तांब्या लपवायची! शेवटी आजोबा ओरडले, घेऊन जा ही कार्टी, पण पाणी पी बाई!"

"कुठली कार्टी, आई?"

"मीच की! मी शिकले म्हणून तुला शिकवलं. नाहीतर तू कसली ऑफिसात बसतेस?"

कल्पनाचं तोंड एवढंसं झालं. हळूच म्हणाली, "मावशी, शेवटी आभारात घालते हं नाव."

"आभारात? आभार मांडववाल्याचे मान! माझी आई पहिल्या वाक्यात येईल. नाहीतर मी इथंच आहे. तुमचा वॉचमन काय करतो ते बघते."

लिफ्टमधनं शेजारीण बाहेर आली, दोघींकडं टकाटका बघत आत गेली. कल्पनानं ग्लास खाली ठेवला, पदरबिदर नव्हताच, पँट सावरून सफूराच्या शेजारी पायपुसण्यावर बसली. आईचा फोन ठेवला आणि ग्रुपसाठी भाषण नव्यानं सुरू केलं, "बाकं होती, घंटा होती, सिस्टर होत्या, पण मुली आणल्या त्या अमीरुन्निसानं."

"परत म्हण. जोरात."

तिनं परत म्हटलं. जिन्यात घुमलं.

तेव्हा कुठं सफूरानं ग्लास उचलला आणि एका दमात संपवला.

"साखर कमी आहे," म्हणाली. "दुसरा नीट कर."