हाव म्हणून बसले

सर्वेवाली पोरगी आमच्या दारावर आली तेव्हा मी अंगणात मिरच्या निवडत बसले होते. तिच्या गळ्यात ओळखपत्र होतं, हातात टॅब, आणि चेहरा उन्हानं लाल झालेला. तिनं आधी पाणी मागितलं. मग म्हणाली, "काकू, दहाच मिनिटं द्या. घरात काय वापरता एवढंच विचारायचं आहे. विकायचं काही नाही."

मला अनोळखी माणसाशी बोलणं जमत नाही. सौंसरच्या बाजारातसुद्धा मी भाव विचारत नाही, जाऊबाईला विचारायला लावते. पण उन्हातून आलेल्या पोरीला नाही कसं म्हणायचं? मी खाट पुढे ओढली.

प्रश्न हिंदीत होते. ती आधी हिंदीत वाचायची, मग मराठीत सांगायची आणि माझ्या तोंडाकडे पाहत थांबायची. साबण कोणता, चहा कोणता, फोन कोण पाहतं. सुचेल ते मी सांगत गेले आणि सुचलं नाही तिथे आमच्या बोलीतलं "हाव", म्हणजे हो, म्हणत गेले. हाव म्हटलं की तिचं बोट टॅबवर टेकायचं आणि ती पुढे जायची. एकदा मी "नाई" म्हटलं, तर तिनं तोच प्रश्न फिरवून पुन्हा विचारला. मला वाटलं आपलंच चुकलं. त्यानंतर मी नाई म्हटलंच नाही.

माझी मुलगी आठवीत आहे. पाणी देऊन ती दाराशी उभी होती. सर्वेवालीनं तिच्याकडे एकदा पाहिलं आणि वाचलं, "मुलीची उंची तिच्या वयाच्या मुलींपेक्षा कमी आहे, याची तुम्हाला काळजी वाटते का?"

मी म्हटलं, "हाव."

खरं तर मुलीच्या उंचीचा विचार तोपर्यंत माझ्या मनात कधी आलाच नव्हता. ती सायकलनं मोठा रस्ता ओलांडते याची काळजी वाटायची, डबा न खाता परत आणते याची वाटायची. उंचीची नाही. साबणाला म्हटलं तसंच तेही हाव म्हटलं. मागे वळून पाहिलं तर दारात कोणी नव्हतं.

सर्वेवालीनं माझा मोबाईल नंबर लिहून घेतला, प्लॅस्टिकचा एक डबा दिला आणि म्हणाली, "थँक्यू काकू, फार छान उत्तरं दिली तुम्ही." मला आनंद झाला होता, हे लपवत नाही. छान उत्तर दिलं असं मला चौथीनंतर कोणी म्हटलं नव्हतं.

संध्याकाळी मुलगी भिंतीला पाठ लावून, डोक्यावर पट्टी धरून पेन्सिलीची खूण करत होती.

"काय करून राहिली व?"

"काही नाही."

दुसऱ्या दिवशीही तेच. मग फोनवर उंची वाढवायच्या पावडरची जाहिरात यायला लागली. ती गाणं लावायची, आधी जाहिरात. रेसिपी लावायची, मधे जाहिरात. तीत एक आई मुलांच्या रांगेत शेवटी उभ्या असलेल्या आपल्या पोराकडे पाहत असते. मी म्हटलं, "फोनले कसं समजलं?"

"तूच नंबर देल्ला न त्याहिले," मुलगी म्हणाली.

"म्या तं साबणासाठी देल्ला."

दोन दिवसांनी तिनं पावडर मागितली. तिचे बाबा जिनिंगमध्ये कामाला आहेत. ते जेवता जेवता हसले. "माही माय एवढीशीच होती. कापसाचं गाठोडं डोक्यावर घेऊन बोरगाववरून पायी ये."

"म्हणूनच मी अशी आहो," मुलगी म्हणाली आणि ताटावरून उठली.

मी पावडर आणली. जाऊबाईनं पावडरचा डबा पाहिला. "काय व, पोट्टीले खजुराचं झाड बनवून राहिली का?" मी हसले, पण मनात म्हटलं, म्हणजे हिलाही ती लहान दिसते? की ही नुसती चिडवते? तेव्हापासून माझंही पाहणं बदललं. शाळा सुटली की मी तिच्या मैत्रिणींचे खांदे पाहायचे. तिचा खांदा खरंच खाली होता. तो आधीपासून तिथेच होता, की त्या प्रश्नानं खाली आला, हे मला अजून समजत नाही.

मुलगी कबड्डी चांगली खेळते. सगळ्यांच्या हाताखालून निसटून येते. शाळेतल्या मॅडमनी पांढुर्ण्याच्या सामन्यांसाठी तिचं नाव घेतलं होतं. एक दिवस ती म्हणाली, "मी जात नाही. बाकीच्या सगळ्या उंच आहेत."

मी तिला जवळ बसवलं. "अवं, म्या त्या दिवशी असंच हाव म्हटलं. मले काही वाटत नव्हतं."

"मग तू खोटं बोलली?"

"हाव. म्हणजे नाई."

"आता वाटते का?"

आधी वाटत नव्हतं हे खरं होतं, पण आता काय सांगू?

दोन दिवसांनी फोन वाजला. मला स्पीकरशिवाय नीट ऐकू येत नाही, म्हणून मुलीनं स्पीकर लावून दिला आणि तिथेच बसली. गोड आवाजाची बाई होती. "मॅम, आपण आमच्या सर्वेत भाग घेतला होता. पावडर वापरून पाहिली का?"

"हाव."

"मुलीच्या उंचीत फरक वाटतो का? हो किंवा नाही सांगा."

मुलगी माझ्याकडे पाहत होती. हाव म्हटलं, तर ती आधी बुटकी होती असं होतं. नाई म्हटलं, तर ती अजून बुटकीच आहे.

"बाई," मी म्हटलं, "तिची कबड्डी आहे पांढुर्ण्याले. तिनं जावं का नाई, ते पहिले सांगा."

तिकडून कीबोर्डची टकटक ऐकू आली. मग, "मॅम, तो ऑप्शन नाही आहे."

मुलीला हसू आलं. तोंडावर हात ठेवून ती हसत होती. मी फोन बंद केला, कोणाचा फोन मी असा आधी कधी बंद केला नव्हता.

शनिवारी ती गेली. माझ्या त्या बोलण्यानं गेली, की शाळेत मॅडम रागावल्या म्हणून, मी विचारलं नाही. बसस्टँडवर मुली रांगेनं बसमध्ये चढत होत्या. माझी नजर आपोआप त्यांच्या डोक्यांवरून सरकत गेली, एकीवरून दुसरीवर, आणि तिच्यापाशी खाली उतरली. तेवढ्यात तिनं वळून माझ्याकडे पाहिलं. मी कुठे पाहत होते ते तिला दिसलं की नाही, मला माहीत नाही. मी हात हलवला. तिनंही हलवला.